उलटे आटे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी लुधियानाहून एक भले मोठे पुठ्ठ्याचे खोके आले. माझे मामा तेथे नोकरीस आहेत. आठवीच्या परीक्षेत मी चांगले गुण मिळविले तर सायकल पाठवीन, असे त्यांनी कबूल केले होते. आणि त्यांनी आपला शब्द पाळला. लुधियाना हे आपल्या देशातील सायकलींच्या उत्पादनाचे सर्वांत मोठे केंद्र आहे. परंतु इतक्या दुरून येणारी सायकल सुट्या भागांच्या रूपाने येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आमचे घर इंदुरात बडा गणपतीच्या देवळाजवळील एका गल्लीत आहे. बाबांनी व मी ते खोके कसेबसे जिन्यावरून वर आणले आणि पडवीत उघडले. आत सायकलीचा सांगाडा होता. मागचे चाक व साखळी तेवढी बसविलेली होती. पुढचे चाक, हँडल, बैठक आणि दोन पायडले निराळी बांधली होती, आणि एका पुडीत नट, बोल्ट, वायसर होते. बाबा म्हणाले, “उद्या चौकातल्या कारागिराकडे देऊ. तासाभरात जोडून देईल.”

“नको बाबा, मी स्वतः जोडणार,” मी म्हणाले.

या हट्टास एक कारण होते. त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत माझ्या वाचनात आली होती. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. तेथून ते सायकली विकत घेऊन बेळगावास आपले बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत, आणि रामुअण्णा त्या विकीत व लोकांना चालविण्यास शिकवीत. 1888 साली सुरू झालेल्या त्या लहानशा दुकानातूनच पुढे लोखंडी नांगर निघाला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. हे वाचून, मनुष्याने धाडस केले की सर्व काही जमते, असा सोपा निष्कर्ष मी काढला होता. लक्ष्मणराव आधी यंत्रांची रेखाटने काढावयास शिकले होते व मग त्यांनी यंत्रांना हात घातला, एवढी गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरले.

आमचे आजोबा इंदूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत येथील गिरण्यांच्या ज्या झाँक्या निघतात, त्यांतील हलत्या चित्रांची चाके व दट्टे जोडण्याचे कामही ते हौसेने करीत. माझ्या जन्मापूर्वीच त्यांची गिरणी बंद पडली. आता दोन-तीन वर्षांपासून त्यांचे हात कापतात. त्यामुळे चहाचा पेला उचलला तरी घरातील कोणीतरी लगबगीने म्हणते, “तुम्ही बसा, आम्ही देतो.”

त्या दिवशी खोके पाहताच आजोबा आत गेले आणि आपली पत्र्याची हत्यारपेटी घेऊन आले. पुष्कळ दिवसांनी ती पेटी बाहेर निघाली होती. त्यांनी एक पाना काढून धोतराच्या सोग्याने पुसला. त्यांचा हात कापत होता आणि पाना पेटीच्या काठावर टकटक वाजत होता. मी म्हणाले, “आजोबा, या नव्या सायकली निराळ्या असतात. तुम्ही बसा, मी करते.”

ते काहीच बोलले नाहीत. पाना जागच्या जागी ठेवून त्यांनी झाकण हळूच लावले, पेटी माझ्याकडे सरकविली आणि ते खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांनी वर्तमानपत्र उघडले. परंतु पान उलटल्याचा आवाज काही मला ऐकू आला नाही.

आरंभी सर्व ठीक चालले. पुढचे चाक चिमट्यात बसले. हँडल बसले, बैठकही बसली. मग मी पायडले हातात घेतली. एकावर डाव्या व दुसऱ्यावर उजव्या बाजूची खूण कोरलेली होती. सायकलीच्या समोर उभी राहून मी माझ्या उजव्या हाताला जी दांडी होती, तिला उजवे पायडल लावले. ते काही केल्या आत जाईना. तेव्हा मी लांब पाना लावला आणि अंगाचा सर्व भार त्यावर टाकला. कर्र असा आवाज झाला. पायडल जरासे तिरपे शिरले आणि अडकले. मोठ्या कष्टाने ते परत काढले, तो माझ्या तळहातावर लोखंडाचा चकाकणारा कीस पडला. दांडीच्या भोकातील आटे चिरडले गेले होते.

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात जो विचार आला, तो सांगावयास मला आजही लाज वाटते. मालच खराब आला, असे मामांना कळवावे. ते बिचारे दुसरी दांडी पाठवतील, आणि कोणाला काही कळणार नाही! मी कीस कागदात गुंडाळलासुद्धा. तेवढ्यात देवळातील सांजआरतीची घंटा वाजू लागली. आजोबांनी सवयीने हात जोडले. ते कापणारे हात पाहिले आणि माझ्याने राहवले नाही. मी कागदाची पुडी त्यांच्यापुढे ठेवली.

“आजोबा, माझ्या हातून आटे गेले. आणि मघाशी मी तुम्हांला तसे बोलावयास नको होते.”

त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, “चल बाळ, पाहू.”

त्यांनी भोकाच्या कडेवरून नख फिरविले. “बाहेरचे दोनच आटे दबले आहेत, आतले शाबूत आहेत. अगं, सायकलीचे डावे-उजवे हे तिच्यावर बसणाराचे डावे-उजवे. समोरून पाहिलेस म्हणून फसलीस. आणि डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात.”

“उलटे कशाला?”

त्यांनी आजीची बांगडी मागविली आणि तिच्या आतल्या कडेने एक पेन्सिल घरंगळत नेली. पेन्सिल ज्या दिशेने बांगडीतून फिरली, त्याच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरू लागली. आजोबा म्हणाले की पायडलाचा आसही दाबाखाली भोकात असाच किंचित घरंगळत असतो. दोन्ही बाजूंना एकसारखे आटे असते, तर डावे पायडल चालता चालता सैल होऊन गळून पडले असते. म्हणून दोन्ही पायडले पुढच्या चाकाच्या दिशेने फिरविली की घट्ट होतात.

नंतर त्यांनी सांगावे आणि मी करावे, असे आमचे काम सुरू झाले. दांडीच्या खिळीचा नट सैल केला, खिळीवर लाकडाचा तुकडा धरला आणि हातोडीने बेताने ठोकून दांडी उतरविली. आट्यांना तेल दिले. मग डावे पायडल दांडीच्या आतल्या बाजूने, म्हणजे जेथे आटे चांगले होते तेथून, नुसत्या बोटांनी लावले. “पाव फेरा पुढे, थोडे मागे. जोर नको. अडले की थांब आणि का अडले ते विचार.” फेऱ्याफेऱ्याने पायडलाचे टोक दबलेले आटे सरळ करीत बाहेर निघाले. ते काढून पुन्हा योग्य बाजूने लावले, तेव्हा लोण्यात सुरी शिरावी तसे आत गेले. शेवटचा वेढा देताना आजोबांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. त्यांचा हात कापत होता. परंतु नट पुरेसा आवळला गेला हे माझ्याआधी त्यांच्या हाताला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे सायकल घेऊन देवळात गेलो. बडा गणपतीची मूर्ती सुमारे 25 फूट उंच आहे. विटा, चुना, गूळ, मेथी आणि तीर्थक्षेत्रांची माती अशा मिश्रणातून ती घडविली, असे सांगतात. पुजाऱ्यांनी हँडलास शेंदराचा टिळा लावला. कोणीतरी विचारले, “सायकल कोठून जोडून आणली?” मी आजोबांकडे पाहिले. ते म्हणाले, “हिने जोडली.” मी म्हणाले, “आम्ही जोडली.”

आता दर रविवारी मी हत्यारपेटी पडवीत आणते आणि आजोबा साखळीला तेल देतात. तेल थोडे फरशीवर सांडते. ते मी मागाहून पुसते. पण “तुम्ही बसा” असे आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही.