मधला दुभाषी

आमचें मैंदर्गी सीमेजवळचें गांव. ओसरीवर कानडी, माजघरांत मराठी. दुभाष्याचें मोल येथें निराळें सांगावें लागत नाहीं.

माझा पुतण्या पुण्यास मेनफ्रेम संगणकांवर लिनक्स चालविण्याचें काम करितो. ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिली. १९९९ मध्यें ती आयबीएमच्या मेनफ्रेमवरही आली. तिचा गाभा तो कर्नल, व गाभ्याचें उपकरणाशीं बोलणें घडविणारा तो ड्रायव्हर. ३२७० हें टर्मिनल १९७१ पासूनचें. तें एकेक अक्षर धाडीत नाहीं. एन्टर दाबतांच पडद्यावर भरलेला मजकूर एकदम पाठवितें. संकेतही निराळे: लिनक्सच्या लेखीं इंग्रजी मोठा 'ए' म्हणजे ६५, टर्मिनलच्या लेखीं १९३. बालबोध व मोडी यांसारखाच हा भेद. ड्रायव्हर तो मिटवितो. मात्र आधीं उपकरण त्याच्या क्रमांकानिशीं कार्यान्वित करावें लागतें. तें राहिलें, तर यंत्र चालू असूनही टर्मिनल मुकें.

पक्षाघातानंतर आमच्या वहिनींची मराठी लोपली. माहेरची कानडीच काय ती उरली. पुण्याच्या नातवंडांस कानडी येत नाहीं. धाकटी सून मधें बसून दोहींकडचें बोलणें पोहोंचविते. गोष्ट आजीची, हंसूं नातवंडांचें. तिचें नांव कोणी घेत नाहीं. सुटींत ती आठवडाभर माहेरीं गेली, तेव्हां आजी व नातवंडें एकमेकांकडे पाहात नुसतीं बसून राहिलीं.

वाचकांच्या घरींही असें कोणी असेल. त्याची जाणीव तें माणूस घरांत असतांनाच ठेवावी, हें बरें.