चिंचोक्यांची बाराखडी

‘ण’नं सुरू होणारा एक तरी मराठी शब्द सांगा. नाही ना सापडत? बावीस वर्षं मी लहान वर्गांना अक्षरं शिकवते, ‘बाणाचा ण’ घोकून घेते, पण हा ण शब्दाच्या तोंडाशी कधी येत नाही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती आली दीड महिन्यापूर्वी, चिंचोके मांडता मांडता, आणि तिचा उपयोग कळला तेव्हा मी भर वर्गात ‘अगं बाई!’ म्हणून ओरडले. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय. घरच्यांनी हात टेकलेत. एष्टीत शेजारी बसलेल्या बाईंनी जागा बदलली. आता तुम्ही सापडलात.

मी राणीसावरगावात राहते. रेणुकामातेचं गाव, गंगाखेड तालुका, बालाघाटाचे माळ. शाळा जवळच्या एका वस्तीवरची, दोनशिक्षकी. तिसरीत माझ्याकडे एक मुलगी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही, ऊन कोणत्या अंगानं येतंय तेवढं कळतं. आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ही आजीपाशी राहते. तिच्या बाबतीत मी काय करत होते ते लपवत नाही. हजेरी घ्यायची. गळा गोड म्हणून प्रार्थना तिच्याकडून म्हणवून घ्यायची. खिचडीचं ताट हातात द्यायचं आणि दोन पोरींना ‘हिला सांभाळा गं’ म्हणायचं. वर पाहुणे आले की ‘आमच्याकडे समावेशित शिक्षण आहे बरं का’ हेही ऐकवायचं. पोर दिवसभर मांडीवर हात ठेवून गप्प बसायची आणि मी तिला शहाणी म्हणायचे!

गटसाधन केंद्राचे फिरते विशेष शिक्षक यायचे, नाही असं नाही. ते तिला वऱ्हांड्यात घेऊन बसायचे आणि मी तेवढ्यात वह्या तपासून घ्यायचे. ते काय शिकवतात हे विचारावं असं मला वाटलं नाही. ते त्यांचं काम, हे माझं. त्या दिवशी मात्र पावसाची अशी सर आली, की वऱ्हांडा भिजून गेला आणि गुरुशिष्य दोघंही माझ्या वर्गात येऊन बसले. सगळं त्या पावसानं केलं.

सरांनी पिशवीतून अंड्यांच्या ट्रेचा एक तुकडा काढला. सहा खळगे, दोन रांगा, तीन तीन. आणि मूठभर चिंचोके. डावीकडचे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडचे चार, पाच, सहा. संपली लिपी! या सहा खळग्यांत चिंचोके ठेवायचे किंवा नाही ठेवायचे, एवढ्यावर त्रेसष्ट वेगवेगळ्या खुणा होतात. एक नंबरला एकच चिंचोका, तो अ. त्याच्याखाली आणखी एक, झाला ब. आणखी एक, तो ल. (‘अबल’ होतंय बघा, असं मी म्हटलं. सर म्हणाले, आपण पुढं जाऊ.) एक आणि तीन म्हणजे क, त्याला उजवीकडे वर एक दिला की म. माझी चाळीस डोळ्यांची तिसरी गणित सोडून पुढं सरकली. ‘सर, मला बी! सर, माझं नाव!’ ट्रे एकच, मग पोरांनी पाटीवर खडूचे गोल काढून चिंचोके मांडायला सुरुवात केली.

आणि मग वेलांटी. माझी बावीस वर्षांची डोकेदुखी! ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी काढायची, मग क, पण उच्चारताना आधी क, मग इ. दर वर्षी चार-पाच पोरं इथं अडकतात, हटकून. ब्रेलमध्ये? आधी क, मग इ. जसं ऐकू येतं तसंच. काना नाही, मात्रा नाही, अक्षराच्या डोक्यावर नि पायाशी काही लटकवणं नाही; व्यंजन लिहा, पुढं स्वर लिहा, चला. जोडाक्षरात तर कमालच केली आहे. ‘म्हैस’ लिहायची तर म अर्धा. मग म येण्याआधीच चार नंबरचं एक टिंब द्यायचं. म्हणजे बोटाला आधीच निरोप मिळतो की सावध, येणारं अक्षर अर्धं आहे. आपण पाय मोडतो तो अक्षर लिहून झाल्यावर!

आता ण. आकडा लिहायचा असला की ब्रेलमध्ये आधी एक खूण देतात, तीन-चार-पाच-सहा. ती खूण आली की पुढचं अक्षर नसून आकडा आहे असं समजायचं. आणि ण? तोही तीन-चार-पाच-सहा. हुबेहूब तोच! मी म्हटलं, सर, घोटाळा होईल की. सर काही बोललेच नाहीत. ती पोर बोलली, अख्ख्या वर्षात पहिल्यांदा, न विचारता: ‘ण कुठं पयला येतो, मॅडम?’

अगं बाई!

शब्दाच्या तोंडाशी ती खूण लागली तर आकडा, पोटात लागली तर ण. आठ वर्षांच्या मुलीनं हे बोटानं ताडलं होतं आणि मी व्याकरणाचे मार्क मिळवून बाई झालेली.

त्या रात्री मी सरांची पाटी घरी मागून आणली. ब्रेलची पाटी म्हणजे बिजागरीची पट्टी. मध्ये जाड कागद धरायचा आणि खिडक्याखिडक्यांतून स्टायलसनं टोचत जायचं. ‘रेणुका’ लिहायचं ठरवलं, गावची देवी म्हणून. र, ए, ण, उ, क, आ, घरं सहाच. टोचलं, कागद काढला, सकाळी ऐटीत तिच्या हातात दिला. तिनं तर्जनी फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तिला हसू आवरेना. ‘हे काय लिहिलाव, मॅडम?’ मी डावीकडून उजवीकडे लिहिलं होतं. टिंब उमटतात कागदाच्या पाठीवर, वाचायचं कागद उलटवून; म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षरही उलटं. माझी रेणुका आरशात गेलेली! पोरीनं माझा कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, ‘चूक.’ हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तोवर तिच्यापुढे कुणी चुकलंच नव्हतं, कारण तिच्यापुढे कुणी काही लिहिलंच नव्हतं.

मग काय, मिळेल ते वाचत सुटले. लुई ब्रेल हा फ्रान्समधल्या खोगीर करणाऱ्या कारागिराचा मुलगा, १८०९ चा जन्म. तीन वर्षांचा असताना बापाची आरी डोळ्यात गेली आणि पुढं दोन्ही डोळे गेले. बार्बिये नावाच्या लष्करी माणसानं बारा टिंबांची एक लिपी काढली होती, पण बारा टिंबं एका बोटाखाली मावेनात. या मुलानं ती सहावर आणली, का तर बोट हलवावं न लागता पूर्ण अक्षर कळावं म्हणून, आणि तेव्हा तो होता पंधरा वर्षांचा. आपल्याकडे वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी टिंबं होती. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि आता मराठीतला क, बंगालीतला क आणि तमिळमधला क एकच. मला तमिळ अक्षर एक येत नाही, पण क बोटाला ओळखू येईल!

हे सगळं पारावर सांगितलं तर एक आजोबा म्हणाले, ‘त्यात काय, गुलाबराव महाराजांना कुठं दिसत होतं?’ खरं आहे. तान्हेपणीच डोळे गेले आणि तरी केवढं ग्रंथलेखन. पण त्यांना वाचून दाखवायला आणि लिहून घ्यायला कुणीतरी लागायचं. त्यांचा जन्म १८८१ चा आणि ब्रेलनं आपली लिपी छापून प्रसिद्ध केली १८२९ मध्ये. बावन्न वर्षं आधी! मला त्या रात्री झोप लागेना. प्रज्ञाचक्षू म्हणून पाया पडणं वेगळं आणि पाटी हातात देणं वेगळं.

सरांनी पुढच्या खेपेला ‘स्पर्शज्ञान’चा एक जुना अंक आणला. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू केलेलं मराठी ब्रेल पाक्षिक. शाईचा ठिपका नाही, पांढरंशुभ्र वर्तमानपत्र. तिला अजून सलग वाचता येत नाही, पण तिनं अंक नाकाशी धरला, पानं मोजली आणि विचारलं, ‘हे सगळं मला?’ दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व आहे, जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क अठरा वर्षांपर्यंत आहे, हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं, लाल शाईनं अधोरेखित करून. वही सापडली परवा.

वर्गात आता काय चाललंय ते ऐका. पहिलं म्हणजे माझी जीभ बदलली. मी फळ्यापाशी दिवसभर ‘हे इथून इकडं आलं, आणि हा झाला असा’ म्हणत असते, हे मला तिच्यामुळं ऐकू आलं. ‘हे’ म्हणजे काय? ‘इकडं’ म्हणजे कुठं? आता मी बोलते, ‘सत्तेचाळीसमधले सात एककाच्या घरात, त्याखाली पाच.’ आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याला दिसतं व्यवस्थित, त्याची हातच्याची गणितं यायला लागली! त्यालाही ‘इकडं’ कळत नव्हतं म्हणे; सांगायचं कुणाला? दुसरं, कागद. ब्रेलला जाड कागद लागतो, म्हणून मी लग्नपत्रिका जमवते. लोकांना वाटतं बाईंना आहेराची हौस.

आणि तिसरं म्हणजे नकाशा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. तिसरीला आपला जिल्हा असतो. मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून परभणी जिल्ह्याची हद्द केली, निळ्या लोकरीची गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेला नेली, पूर्णा तिला आणून मिळवली. गंगाखेडला शर्टाची गुंडी, परभणीला मोठी गुंडी, राणीसावरगावला चिंचोका. लोकर निळी कशाला, असं मग माझं मलाच हसू आलं. तिनं दोन्ही हात ठेवले. चिंचोका सापडला. तिथून वर गुंडी. गुंडीच्या वर लगेच लोकर. बोट थांबलं.

‘ही गंगा?’

‘हो.’

‘म्हंजी परभणीला जायचं तर ही आडवी येती?’

‘येते की. गंगाखेड सोडलं की पूल आहे.’

ती किती तरी वेळ लोकरीवर बोट पुढेमागे करत राहिली. मग म्हणाली, ‘तिथंच एष्टीचा आवाज बदलतो.’

प्रमाणपत्रासाठी तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं होतं, तीनदा. तिन्ही वेळा एका जागी गाडीचा आवाज पोकळ झाला, गार वारं आलं, आणि पुन्हा आवाज भरला. तिनं ते जपून ठेवलं होतं. ती जागा कसली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण खिडकीतून दिसणारी नदी कुणी कुणाला सांगतं का? मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेले असेन. गेल्या रविवारी मुद्दाम गेले, डोळे मिटून. बदलतो आवाज. खरंच बदलतो!

पोरांना मात्र नकाशाचं विशेष नाही, त्यांना ब्रेल हवंय ते चोरट्या चिठ्ठ्यांसाठी. पंधराएक पोरं टोचायला शिकलीत, बोटानं वाचणारी अख्ख्या वर्गात ती एकटी. त्यामुळे मधल्या सुट्टीत तिच्यापुढे रांग लागते. ती भाव खाते. एकीची चिठ्ठी आधी, एकाची उद्या. परवा एक लग्नपत्रिकेचा तुकडा वाचून ती इतकी हसली की उचकी लागली, आणि काय लिहिलंय ते विचारलं तर तोंडावर हात. लिहिणाराही गायब.

तो तुकडा माझ्या पर्समध्ये आहे. डोळ्यांनी पाहिलं तर टिंबं मोजून दहा मिनिटांत लागेल, पण मी हट्टानं बोटानंच वाचतेय, रोज रात्री, दिवा मालवून. आमचे हे म्हणतात, दिवा तरी लाव. पहिला शब्द काल लागला, ‘मॅडम’. पुढचे दोन अजून बोटाखालून निसटतात.