ऐकण्याआधी वाचणं

आमच्या शुक्रवारच्या प्रार्थनासभेत कुणीही “परमेश्वर म्हणतो” अशी सुरुवात करत नाही. “हा शास्त्रभाग आठवडाभर माझ्या मनातून जात नाही, तो मंडळीसाठी आहे असं वाटतं, तुम्ही तोलून पाहा,” एवढंच म्हणायचं, अशी आमची शिस्त आहे. पाहुण्यांना ती मिळमिळीत वाटते. मैदानावरच्या मोठ्या सभांत नाव-गाव घेऊन सांगितलेली भविष्यं ज्यांनी ऐकलीत, त्यांना तर इथे अभिषेकच कमी पडतो असं वाटतं. मला मात्र आता दुसऱ्या कुठल्या रीतीने तोंड उघडण्याची छाती होणार नाही.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ साली सुरू झालं, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली इथूनच निघालं, आणि आमचं घराणं त्याच परंपरेतलं. उपदेश, गायन, संडेस्कूल यांची आमच्याकडे कमतरता नव्हती. संदेष्ट्यांचं दान मात्र प्रेषितांबरोबर संपलं, असं लहानपणापासून शिकवलेलं. ते शिकवणाऱ्यांबद्दल मला आजही आदर आहे. शास्त्र पूर्ण झालं आहे, त्यात कुणी आपल्या पदरचं घालू नये, ही त्यांची काळजी माझीही आहे. पण पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला एका दमात सांगतो की आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ लेखू नका आणि सगळ्याची पारख करा. पारख सोडून बाकीचं पाळणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या. पारखीच्या नावाखाली सगळंच कुलपात ठेवणाऱ्याही पाहिल्या. तिन्ही गोष्टी एकत्र पाळल्या तर काय होतं, हे मला जवळून बघायचं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी शुक्रवारची सभा माझ्याकडे दिली, सोबतीला मंडळीतले दोन वडील दिले, आणि ती संधी मिळाली.

आम्ही एक पुस्तक घेतो आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. आवडती वचनं निवडायची नाहीत. मग शांत बसायचं. करिंथच्या मंडळीला घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दोघा-तिघांनीच बोलायचं आणि बाकीच्यांनी तोलायचं. बोललेलं वहीत उतरतं, त्याखाली वडिलांचं मत उतरतं. तो उतारा मुळात कुणाला, कुठल्या प्रसंगी सांगितला होता? आपण काढलेला अर्थ त्यात मावतो का? त्यातून मंडळीची उभारणी होते का, कुणाला धीर मिळतो का, कुणाचे डोळे पुसले जातात का? हे सगळं बोलणाऱ्याच्या समोर विचारलं जातं. सुरुवातीला काहीजणांना ते अपमानाचं वाटलं. नाथानाची गोष्ट वाचली तेव्हा वातावरण बदललं. दाविदाने मंदिर बांधायचं मनात आणलं, नाथानाने लगेच होकार दिला, आणि त्याच रात्री देवाने त्याला ते बोलणं मागे घ्यायला लावलं. नाथानासारख्याला जे चुकलं नाही, ते आपल्याला का चुकावं?

माझ्यासाठी या सेवेचा कणा हुल्दा आहे. २ राजे, बाविसावा अध्याय. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. शाफान चिटणीस तो राजापुढे वाचतो. राजा आपली वस्त्रं फाडतो आणि याविषयी परमेश्वराला विचारा, असं सांगून माणसं पाठवतो. यिर्मयाला पाचारण होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तरी राजाची माणसं जातात ती वस्त्रागाराच्या अधिकाऱ्याच्या बायकोकडे, हुल्दाकडे. आणि ती काय करते? नवं दर्शन सांगत नाही. राजापुढे जे वाचलं गेलं तेच खरं आहे, तेच घडणार आहे, असं ती ठामपणे सांगते. त्यातला कठोर भाग ती पातळ करत नाही. राजाचं मन द्रवलं, तो रडला, म्हणून त्याच्या वाट्याचं सांत्वनही ती त्याला पोचवते. लिहिलेला शब्द समोर आहे, ऐकणारं माणूस समोर आहे, आणि त्या दोघांची गाठ आज, इथे घालून द्यायची आहे. संदेष्ट्याचं काम मला इतकंच कळलं आहे, आणि इतकंही आयुष्यभर पुरणारं आहे.

ही गाठ घातली नाही की काय होतं, तेही आमच्या दारी आलं. थर्टी फर्स्टच्या रात्री आमच्याकडे बऱ्याच मंडळ्यांत वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. एका तरुणाला यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन निघालं, भलं करण्याच्या, भविष्याची आशा देण्याच्या संकल्पांचं. पुढे एका पाहुण्या वक्त्याने व्यासपीठावरून त्याच वचनावर बोट ठेवून त्याला परदेशी जाण्याचं भाकीत सांगितलं. बापाने बागायतीचा तुकडा गहाण टाकला. व्हिसा नाकारला गेला. मुलगा आमच्याकडे आला तो देवावर रागावून. त्या रागाला मी लगेच उत्तर दिलं नाही. आम्ही त्याच्यासोबत अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा, दोन्ही अध्याय वाचले. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत बाबेलातून सगळे परत येतील. यिर्मया आमेन म्हणतो, तसं झालं तर त्यालाही हवंच आहे, पण देवाने त्याला जे सांगितलं ते सत्तर वर्षांचं आहे. बाबेलात नेलेल्यांना तो पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते अकरावं वचन या सत्तर वर्षांच्या लगेच नंतर येतं. ज्यांना ते लिहिलं त्यांतल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, तरी ते त्यांच्यासाठी होतं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाई, हे मला आधी कुणी पूर्ण का वाचून दाखवलं नाही?” जमीन अजून सुटलेली नाही. तो आता शुक्रवारी येतो, आणि तोलताना सगळ्यांत अवघड प्रश्न तोच विचारतो.

मीखाने तिसऱ्या अध्यायात पैशासाठी शकुन सांगणाऱ्या संदेष्ट्यांना जे सुनावलं आहे, ते वाचताना मला अंगावर काटा येतो. भाकिताची किंमत बोलणारा देत नाही, ऐकणारा देतो. म्हणून लग्न, मूल, पैसा आणि औषध यांविषयी कुणालाही भाकीत सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. एका ताईला कुठल्याशा सभेत मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं होतं. तिला मी हिज्कीयाची गोष्ट वाचायला दिली. यशया त्याला आयुष्य वाढल्याचा निरोप देतो, आणि गळवावर अंजिराचा लेप लावायलाही तोच सांगतो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आणि संदेश ऐकल्यावरही निर्णय ज्याचा त्याचा. अगबाने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून यरुशलेमेतली अटक दाखवली, सगळ्यांनी रडून पौलाला अडवलं, तरी पौल गेलाच. कुणी त्याला आज्ञाभंग करणारा म्हटलं नाही.

पण फक्त खाजगी सांत्वनात ही सेवा अडकली, तर अन्यायावर बोलणाऱ्या आमोस संदेष्ट्याला काय तोंड दाखवायचं? याकोबाचं पत्र वाचत होतो तेव्हाची गोष्ट. पाचव्या अध्यायात शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल आहे, ती मजुरीच ओरडते असं तो लिहितो. कॉलेजात जाणारी एक मुलगी उभी राहिली. आवाज कापत होता. तिने तो भाग परत वाचला आणि म्हणाली, “चर्चच्या रखवालदारकाकांचा पगार दिवाळीपासून झालेला नाही. हे वचन मला पुढे जाऊ देत नाही. तुम्ही तोला.” खजिनदार चिडले, देणग्या थकल्यात म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. पाळकसाहेबांनी त्याच रात्री हिशेबाची वही मागवली. कार्पेटसाठी बाजूला ठेवलेली रक्कम तीत होती. रविवारच्या उपासनेआधी काकांच्या हातात पगार पडला. त्या मुलीने कुणाचं भविष्य सांगितलं नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मी आजवर ऐकलेल्या संदेशांत तो सगळ्यांत खरा होता.

आत्मा आणि अभ्यास यांचं वैर आहे, असं मला अजूनही लोक ऐकवतात. मग मी त्यांना केडगावची आठवण करून देते, आमच्या नगरला लागून आहे ते नव्हे, दौंडकडचं. तिथे मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पुनरुज्जीवन झालं, मुली रात्र-रात्र रडून प्रार्थना करत होत्या. त्याच आवारात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, १९२२ साली मरेपर्यंत त्या कामाला जुंपून राहिल्या. प्रार्थना आणि शब्दकोश त्यांच्याकडे एका छपराखाली होते.

सध्या वहीत एक शब्द निकालाविना पडून आहे, आणि तो माझाच आहे. बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक वाचताना परका, पोरका आणि विधवा हे तिघं पुन्हा पुन्हा येतात. ऊसतोडीला आईबाप गेले की इथे जी लेकरं मागे राहतात, त्यांच्यासाठी कंपाउंडातल्या दोन रिकाम्या खोल्या उघडाव्यात, असं मी बोलले. एका वडिलांना ते पटलं. दुसऱ्यांचं म्हणणं, हा बाईंचा शाळेचा जीव बोलतोय, यात प्रभूचं किती ते पाहायला हवं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. तो आता पास्टरेट कमिटीपुढे जाईल. त्यांनी नाही म्हटलं तर मी ते मानेन. पण त्याआधी छपराची दुरुस्ती, रात्रीची सोबत, जेवणाचा खर्च, सगळं कागदावर मांडून मी तिथे बसणार आहे, कारण साखर कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि तोवर हे ठरायला हवं.