झाकण टाकीचं आणि झाकण पिंपाचं

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही हॉलच्या कोनाड्यात बसेल अशी माशांची टाकी बनवून घेतली. ५० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच. बाजारात तयार मिळतात त्या मापात आमचा कोनाडा बसत नव्हता, म्हणून काचवाल्याकडून खास करून घेतली. त्याने काम सुरेख केलं, पण निघताना म्हणाला, "डॉक्टर, झाकणाचं तुम्ही बघा. या मापाचं तयार झाकण मिळायचं नाही."

झाकणात काय बघायचं, असं मला वाटलं. पुढचे तीन-चार महिने तेच बघत होतो.

पहिला धडा माशांनी दिला. टाकीत सहा 'मिस केरळ' सोडले होते. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा आपल्याच पश्चिम घाटातल्या नद्यांमधला. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी 'सह्याद्रिया' अशी नवी प्रजाती केली, तेव्हापासून मला त्याचं जास्तच कौतुक. पण खळाळत्या पाण्यातला मासा तो, दचकला की उडी मारतो. आठव्या दिवशी सकाळी एक सोफ्याखाली वाळून पडलेला सापडला. माझी आई त्या दिवशी चहासुद्धा प्यायली नाही.

दुसरा धडा बाष्पीभवनाचा. टाकीचा वरचा पृष्ठभाग सुमारे ०.५८ चौरस मीटर. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की पावणेसहा लिटर पाणी हवेत गेलेलं असतं. मे महिन्यात पंखा चालू असताना दर दोन दिवसांनी तेवढी पातळी उतरत होती. उन्हाळ्यात ते जाणवलं नाही. पाऊस सुरू झाला, खिडक्या बंद झाल्या आणि टाकीमागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसायला लागले. बुरशी. आईला दमा आहे. तिची खोली त्याच भिंतीच्या पलीकडे. रात्री तिचा खोकला वाढला, इनहेलरचे पफ वाढले.

दम्याच्या रुग्णांना मी नेहमी सांगतो की घरातली ओल हा साधा विषय नाही. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जातात आणि आधीच संवेदनशील असलेल्या श्वासनलिका आणखी आखडतात. दमट हवेत गादी-उशीतले धुळीतले सूक्ष्म कीटकही फोफावतात. हे सगळं सांगणाऱ्याच्या घरात भिंतीलगत अडीचशे लिटर उघडं पाणी! भिंत साफ करून घेतली, टाकी चार इंच पुढे ओढली आणि झाकणाच्या मागे लागलो.

ज्यांना असं झाकण करून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगतो. ॲक्रिलिक मला आधी फार आवडलं होतं. हलकं, पारदर्शक, घरीसुद्धा कापता येतं. पण ॲक्रिलिक पाणी शोषतं. खालची बाजू कायम ओली आणि वरची कोरडी, त्यामुळे काही आठवड्यांत पत्रा धनुष्यासारखा वाकतो. माझा १५ दिवसांत कडेने उचलला गेला आणि त्या फटीतून दुसरा मासा गेला. डासांची जाळी बसवून पाहावी असंही मनात आलं. तिच्यातून मासा जाणार नाही, उष्णताही कोंडणार नाही, पण वाफ तशीच निघत राहणार, म्हणजे आईचा प्रश्न तिथेच. शेड्सना वापरतात तो पोकळ पॉलिकार्बोनेट पत्रा वाकत नाही, वजनालाही नगण्य, पण त्यातून प्रकाश अंधुक येतो आणि कडा बंद केल्या नाहीत तर आतल्या नळ्यांत शेवाळं धरतं.

शेवटी काचेवर आलो. ५ मिलिमीटरची साधी काच, टाकीएवढ्या मापाची, भरते सात किलोच्या आसपास. ती एका हाताने उचलायची, दुसऱ्या हाताने खाणं घालायचं, हे आईला तर शक्यच नाही. म्हणून दोन तुकडे केले, किनारी घासून घेतल्या आणि पुढच्या बाजूला सिलिकोनने छोट्या मुठी चिकटवल्या. मागे दोन इंचांची पट्टी पॉलिकार्बोनेटची ठेवली, कारण फिल्टरचा पाइप आणि हीटरची वायर जायला खाचा लागतात आणि त्या काचेत पाडणं अवघड. कुणी टफन काच घेणार असेल तर सगळे काप आधीच करून घ्या. एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, कापायला गेलात तर तिचा चुरा होतो. खाचांपाशी थोडी फट मुद्दाम ठेवली. पाण्यातला प्राणवायू पृष्ठभागातूनच येतो आणि पाणी जितकं कोमट तितका तो कमी विरघळतो, त्यामुळे बरणीसारखं घट्ट झाकण माशांना नको.

झाकणामुळे एलईडीचा दिवाही पाण्यापासून वेगळा झाला. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन नेली, म्हणजे ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, प्लगपर्यंत जात नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलाय. तरीही टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा. आणि हाताला जखम असेल तर हात घालायचाच नाही. माशांच्या पाण्यातून बोटाला होणारा, महिनोन्महिने न भरणारा एक जंतुसंसर्ग असतो. तो क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एकामुळे होतो आणि अनेकदा ओळखायला उशीर होतो.

झाकण बसलं. पाणी उतरायचं जवळपास थांबलं. भिंत कोरडी झाली, आईचे पफ पूर्वीइतके झाले. ऑगस्ट होता. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता पिंपाचं सांगतो. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना चालत नाही. ते उडून जावं म्हणून पाणी एक-दोन दिवस ठेवायचं, तेही उघडं. त्यासाठी मागच्या बाल्कनीत ६० लिटरचं निळं पिंप होतं. टाकी उघडी असताना रोजची भर आणि आठवड्याचं पाणी बदलणं यात ते आठवड्यात दोनदा तळाला जायचं. झाकण आल्यावर रोजची भर बंद झाली. त्यात ऑगस्टमध्ये क्लिनिकमध्ये तापाच्या रुग्णांची रांग, घरी यायला रात्रीचे दहा. टाकीचं पाणी बदलणं आठवड्यावरून पंधरवड्यावर गेलं. पिंप तसंच भरलेलं राहिलं.

बायकोला ताप आला तेव्हा पहिल्या दिवशी मी 'व्हायरल असेल' म्हणालो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांमागे दुखू लागलं, अंग मोडून निघालं आणि एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह आली. डेंग्यू. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सुरू केलं. अशा तापात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन कटाक्षाने टाळायचं, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाचव्या दिवशी ताप उतरला. आई म्हणाली, "सुटलो बाबा." मी मात्र तेव्हाच जास्त घाबरलो. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत फसवे. रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. दुपारी तिचं पोट दुखू लागलं आणि उलट्या थांबेनात. पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, ही सगळी दवाखान्यात नेण्याची लक्षणं. घरात डॉक्टर आहे म्हणून वाट बघायची नाही. दोन दिवस सलाईन लागलं. प्लेटलेट ६२ हजारांपर्यंत उतरल्या आणि आपोआप चढल्या, बाहेरून द्याव्या लागल्या नाहीत.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या एक ताई तपासणीला आल्या. कुंड्या पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रे पाहिला. मी कौतुकाने टाकी दाखवली. त्या हसून म्हणाल्या, "मासे असतील तिथं अळ्या कशा राहतील साहेब?" मग त्यांनी बाल्कनीत टॉर्च मारला आणि मला हाक मारली. पिंपात अळ्या वळवळत होत्या. काही तर कोषावस्थेत पोचल्या होत्या, एक-दोन दिवसांत उडाल्या असत्या.

अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. एडिसची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. मी पिंप कधी घासलंच नव्हतं. थोडं उपसायचं आणि वरून पुन्हा भरायचं, म्हणजे अंड्यांना पाणी पाजण्याचंच काम चाललं होतं. आधी निदान आठवड्यात दोनदा तळ दिसायचा, त्यात अळ्या मोठ्या होण्याआधीच ओतल्या जात असाव्यात. चांगल्या झाकणाने तेही थांबवलं.

बायकोला त्याच पिंपातला डास चावला, असं सिद्ध करता येत नाही. आमच्या गल्लीत त्या महिन्यात आणखी रुग्ण होते. ताईंनी मला तसं समजावूनही सांगितलं, मी जसं रुग्णांना समजावतो अगदी तसं. कोरड्या दिवसाचं पत्रकही दिलं. तेच पत्रक माझ्या क्लिनिकच्या दारावर लावलेलं आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही.

पिंपाला घट्ट झाकण लावावं तर क्लोरिन उडणार नाही. त्यावर उपाय सोपा निघाला, आणि तो आईनेच काढला. जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा पिंपाच्या तोंडावर घालून भोवती इलॅस्टिक. हवा जाते-येते, डास जात नाही. घाई असेल तेव्हा दुकानात मिळणारे क्लोरिन मारायचे थेंब वापरतो, मग पाणी साठवायचंच नाही. रविवारी पिंप पूर्ण रिकामं करून आतून काथ्याने घासतो, विशेषतः पाण्याच्या रेषेपाशी, आणि उन्हात उपडं घालतो.

मी विसरलो तर बायको सोफ्यावरूनच विचारते, "मासेवाले, पिंप?"