आरसा धरणारे हात

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत ‘मिरजेला न्या’ हे दोन शब्द म्हणजे एक निदानच असते. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, की घरचा कर्ता माणूस गाडीची सोय पाहायला धावतो. माझ्या सेवाकाळातील बरीच वर्षे या दोन जिल्ह्यांत गेली. आजाऱ्याच्या उशाशी बसून हे शब्द मी कितीदा तरी ऐकले आहेत. त्यांत भीती असते, तशी आशाही असते. कारण मिरज कितीही लांब असली तरी तिथवर रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या टोकाला कुशल हात आहेत.

पण रस्ताच नसेल तर?

हा प्रश्न मला आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने विचारायला लावला. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. तिचा मुलगाही सैन्यात, यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रात वर्षभर राहणाऱ्या तुकडीत त्याची निवड झाली. दिल्लीत कसून वैद्यकीय तपासणी झाली, हिमालयात औली येथे बर्फात वावरण्याचा सराव झाला. घरात पेढे वाटले गेले. रविवारच्या मिस्सानंतर सगळे पांगले तरी ती मागे रेंगाळली आणि म्हणाली, “फादर, तिथं डॉक्टर असतो म्हणतात. पण पोटात दुखायला लागलं तर? अन् डॉक्टरच आजारी पडला तर हो?”

देव सांभाळील, असे सांगून तिला निरोप देणे सोपे होते. तिचा देवावर विश्वास होताच. प्रश्न व्यवहाराचा होता आणि त्याला व्यवहाराचेच उत्तर द्यायला हवे, असे मला वाटले. म्हणून मी त्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

‘मैत्री’ 1989 पासून शिर्माखर नावाच्या खडकाळ टेकड्यांवर उभे आहे. तिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. समुद्र गोठतो, जहाज येत नाही; वादळात विमान उतरत नाही. तिथून काही किलोमीटरवर रशियाचे नोव्होलाझारेव्हस्काया हे केंद्र आहे. माउलीने विचारलेला प्रसंग नेमका तिथेच, 1961 साली घडून गेला होता.

लिओनिद रोगोझोव्ह हा त्या केंद्रावरचा सत्तावीस वर्षांचा तरुण शल्यविशारद. तेरा माणसांत एकटाच डॉक्टर. 29 एप्रिलला त्याच्या पोटात दुखू लागले. अपेंडिक्स सुजल्याचे त्याने स्वतःच ओळखले. औषधांनी उतार पडेना, बाहेर हिमवादळ. अपेंडिक्स फुटले असते तर मृत्यू अटळ होता. 30 एप्रिलच्या रात्री त्याने स्वतःचीच शस्त्रक्रिया करावयाचे ठरविले. पोटाच्या कातडीपुरती जागा बधिर करून, अर्धवट रेललेल्या स्थितीत, त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचे पोट उघडले. आरशात प्रतिमा उलटी दिसे, म्हणून हातमोजे न घालता बऱ्याच अंशी तो स्पर्शाने चाचपडत राहिला. घेरी येई, तेव्हा काही सेकंद थांबे. पावणेदोन तासांनी शेवटचा टाका पडला. काढलेल्या अपेंडिक्सच्या मुळाशी काळा डाग होता. आणखी एक दिवस गेला असता तर ते फुटले असते. दोन आठवड्यांत तो कामावर रुजू झाला आणि पुढे 2000 सालापर्यंत जगला.

ही कथा जगभर सांगितली जाते ती रोगोझोव्हच्या धैर्याची म्हणून, आणि ते योग्यच आहे. माझे मन मात्र त्या खोलीतील इतर माणसांपाशी रेंगाळले. पोटाची जखम उघडी धरून ठेवणारा होता हवामानतज्ज्ञ आर्तेम्येव. आरसा आणि दिवा धरणारा होता यंत्रकारागीर तेप्लिन्स्की. या दोघांपैकी कोणी भोवळ येऊन पडलाच, तर त्याची जागा घेण्यासाठी केंद्रप्रमुख उभे होते. त्यांनी पूर्वी कधी माणसाचे पोट उघडलेले पाहिले नव्हते. त्यांचे चेहरे पांढरेफटक पडले, पण हात हलले नाहीत.

1999 साली दक्षिण ध्रुवावर हेच पुन्हा घडले. अमेरिकन केंद्रावरील एकमेव डॉक्टर जेरी निल्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. गाठीतील पेशी तपासणीसाठी काढताना त्यांच्या मदतीला होता एक वेल्डर. जुलैच्या काळोखात विमानातून औषधे खाली टाकण्यात आली, आणि ऑक्टोबरात विमान उतरेपर्यंत सहकाऱ्यांनीच त्यांची शुश्रूषा केली. त्यानंतर त्या दहा वर्षे जगल्या.

ऑस्ट्रेलियाने तर या अनुभवाचा नियमच केला आहे. हिवाळाभर राहणाऱ्या डॉक्टरला अपेंडिक्स आधीच काढून घ्यावे लागते. शिवाय आचारी, नळकारागीर, वीजतंत्री यांसारख्या काही सदस्यांना होबार्टच्या मोठ्या रुग्णालयात दोन आठवडे शिकवतात : हत्यारे निर्जंतुक कशी करावीत, डॉक्टरच्या हातात कशी द्यावीत, भूल दिलेल्या रुग्णावर लक्ष कसे ठेवावे. 

हे सारे मी त्या माउलीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे वेळ आली तर माझ्या पोरालाही आरसा धरावा लागंल.” तिच्या आवाजात भीती होतीच, पण तिचा मुलगा आता केवळ वाचविला जाणारा राहिला नव्हता, वाचविणाराही झाला होता.

आपल्या मिरजेची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे? डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तिथे रुग्णालय सुरू केले, तेव्हा हा सारा मुलूख शस्त्रक्रियेच्या दृष्टीने एखाद्या ध्रुवासारखाच एकाकी होता. ते प्रेस्बिटेरियन, आपल्या पंथाचे नव्हेत. परंतु त्यांच्या दारात पंथ विचारला जात नव्हता. त्यांनी ओळखले, की एकट्याचे दोन हात पुरणार नाहीत. 1897 साली त्यांनी तिथेच वैद्यकीय शाळा काढली आणि इथलेच तरुण शिकविले. ‘मिरजेला न्या’ या शब्दांना जे वजन आले, ते एका कुशल हातामुळे तर आलेच, पण त्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्या अनेक हातांमुळेही आले.

आम्हा धर्मगुरूंना या गोष्टीतील एक सत्य फार जवळचे वाटते. धर्मगुरू हजारोंना पापक्षमा देतो, पण स्वतःला देऊ शकत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. रोगोझोव्हने स्वतःवर शस्त्रक्रिया केली खरी, पण स्वतःचा आरसा त्याला स्वतः धरता आला नाही.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात काही घरे अशी असतात, की जिथे आईबाप एकटे आहेत आणि मुले दूरदेशी. तिथे मध्यरात्री कोणाच्या पोटात कळ आली, तर शल्यविशारद होणे आपल्या हाती नाही. पण आपला रक्तगट ठाऊक असणे, प्रथमोपचार शिकून घेणे, शेजारच्या घराची गाडी कोण चालवील हे आधी ठरवून ठेवणे, आणि रक्त पाहून घेरी आली तरी हात न हलू देणे, एवढे आपल्याला शिकता येईल.