आईंचा तंबोरा पुन्हा बोलू लागला

सांगली, श्रावण

प्रिय सखे,

तुझं पत्र पोचलं. घरात सगळ्यांनी आळीपाळीने वाचलं, आणि सासूबाईंनी तर पुन्हा मागून घेतलं. तुझी लेक टोरांटोत गाणं शिकायला लागली हे वाचून त्यांना फार बरं वाटलं.

इकडचं विचारतेस, तर पहिली बातमी पाण्याचीच. आयर्विन पुलापाशी कृष्णा अजून पुष्कळ खाली आहे, पण कोयनेतून पाणी सोडलं म्हटल्यावर दूधवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून आमच्या गावभागातल्या घरात तळमजल्यावर कागदाचा कपटा म्हणून ठेवत नाही. पुस्तकं माडीवर, आणि सासूबाईंचा तंबोराही माडीवर.

त्या तंबोऱ्याचंच आज तुला सविस्तर लिहायचंय.

झालं असं, की एका दिवाळी अंकासाठी मी देवलांवर लेख कबूल केलाय. गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे. १८९९ साली त्यांचं 'शारदा' रंगभूमीवर आलं. पैशापायी कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेल्या बापाची ती गोष्ट. विषयाचं धाडस मोठं आहेच, पण मला वेड लावते ती त्यातली भाषा. माजघरातल्या बायकामुली बोलतील तशी पदं! ती नुसती डोळ्यांनी वाचून त्यांच्यावर लिहिणं मला पटेना. चाल कानावर पडल्याशिवाय कुठला शब्द तिथेच का बसवलाय ते कळत नाही. सासूबाईंना ती पदं तोंडपाठ. म्हटलं, "आई, म्हणून दाखवा ना." तर म्हणाल्या, "तंबोरा लाव, मग गाते. पेटीवर नको, आणि तुझ्या त्या मोबाइलवर तर नकोच."

गवसणी काढली तर पुराचं पाणी न शिवताही ओलीने आपलं काम केलेलं. भोपळ्याचा सांधा एका बाजूने उकललेला, खुंट्या फुगून घट्ट बसलेल्या, तारांवर गंज. रविवारी यांनी गाडी काढली आणि आम्ही मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. सासूबाई मागच्या सीटवर तंबोरा मांडीवर आडवा घेऊन.

त्या गल्लीत तू एकदा तरी माझ्याबरोबर यायला हवंस. दुकानांत छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात हत्यारांना धार लावणारे शिकलगार वाद्यांकडे वळले आणि फरीदसाहेबांपासून ही परंपरा सुरू झाली, असं इथे सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला त्याचा अभिमान वाटला.

कारागिरांनी तंबोरा हातात घेऊन सांधा, दांडी, तबली सगळं टिचक्या मारून पाहिलं. मग पहिला प्रश्न सासूबाईंना, "गाता कोणत्या पट्टीत?" त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "पूर्वी काळी चार होती. आता काळी तीनच्या वर जात नाही." कारागिरांनी मान हलवली आणि थोड्या जाड तारा काढल्या. पट्टी उतरली की जुन्या तारा ढिल्या पडतात आणि आवाजात जीव राहत नाही, म्हणून.

सांधा वाळायला तंबोरा तिथेच ठेवला. जवारी लावायची त्या दिवशी आम्ही मुद्दाम पुन्हा गेलो. अगं, ते काम बघत राहावं असं आहे! घोडीची पाठ वरून सपाट दिसते, पण तिला किंचित उतार असतो आणि त्या उतारावर तार जेमतेम टेकते. कारागीर कानशीचा एक हलका हात फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, ऐकायचे, पुन्हा उतरवायचे. मोजायला काही साधन नाही, सगळा हिशेब कानाचा. शेवटी तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर मागेपुढे सरकवायला लागले. सूर बंद, बंद, आणि एका जागी एकदम खुलला. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागला. सासूबाईंनी नकळत 'सा' लावला, आणि कारागीर हातातलं काम थांबवून ऐकत राहिले.

आता रोज संध्याकाळी आमच्याकडे बैठक असते. सासूबाई गातात, माझी धाकटी तंबोरा धरते, मी वही घेऊन. आवाज थकलाय, पण शब्द कसा टाकायचा ते त्यांच्याकडूनच ऐकावं. लेखाचा अर्धा मजकूर मी फाडून नव्याने लिहिला. संपादकांचे फोन चालू आहेत, तरी घाई करणार नाही.

मोबाइलमधला तंबोरा प्रवासात उपयोगी पडतो, मला मान्य आहे. पण धाकटीला सूर कळायला लागला तो चार तारा स्वतः छेडताना, स्वतः मणके सरकवताना. घरात शिकणारं माणूस असेल तर खरा तंबोरा हवाच, असं माझं ठाम मत झालंय. आणि लोकांनी मागणी केली तरच त्या गल्लीतली पुढची पिढी कानस हातात धरील.

तू मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसाला ये. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. आपण दोघी जाऊ, सासूबाईंनाही नेऊ.

आणि लेकीसाठी तंबोरा मिरजेतूनच घे. तारा उतरवून, नीट खोक्यात बांधून परदेशी पाठवायची त्यांना सवय आहे. तिच्या गुरूंना विचारून तिची पट्टी तेवढी कळव, म्हणजे मी पुढच्या रविवारी जाऊन बोलून येते.

तुझीच,
मी