हक्कसोड

३ जून, शिरूर
धाकट्याचा फोन. "ताई, सोमवारी दौंडला ये. हक्कसोडपत्राचं उरकून टाकू. आधारकार्ड तेवढं आण." मागून आईचा आवाज : साडी आणून ठेवलीये म्हणावं. दीड एकर ऊस आणि एक साडी. आमच्यातल्या सगळ्या बहिणी अशाच सह्या करून, जेवून परत येतात.

४ जून, रात्री
लेकीनं लॅपटॉपवर मिशेल ख्लेफीचा 'फर्टाईल मेमरी' हा सिनेमा लावला. १९८०चा, दोन पॅलेस्टिनी बायकांचा. सहर खलिफे नाब्लुसची कादंबरीकार, नवऱ्याला सोडून मुलींना वाढवणारी. रुमिया नाझरेथकडची विधवा, कारखान्यात राबणारी. तिची जमीन इस्रायलनं केव्हाच बळकावलेली. मुलं म्हणतात, सौदा करून टाक. ती सही करत नाही. गंमत अशी, की सरकारला न बधणारी ही बाई विधवेच्या रीतीभाती मात्र मुकाट पाळते. सहरनं रीत मोडली, तर एकटेपण पदरी आलं.

रुमिया आपली जमीन पहिल्यांदा बघते, त्या मातीतून चालते. मी तर लहानपणी आमच्या शेतात खुरपलंय.

६ जून
'उंबरठा' पुन्हा पाहिला. जब्बार पटेलांचा, १९८२. दौंडात मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी काढलेला. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते. तिला बाहेर पडायचंय, रुमियाला हलायचं नाही. दोघींना घरचे एकच सांगतात : हट्ट सोड.

८ जून, दौंड
एसटी न्हावऱ्यावरून. वाटेत चौफुल्याला कलाकेंद्रांच्या पाट्या, त्याआधी केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात बालविधवांनी, दुष्काळातून आलेल्या बायकांनी छापखाना चालवला. खिळे जुळवणारे ते हात डोळ्यांपुढून हलेनात.

मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्रानं १९९४ला दिला, देशानं २००५ला. तोच हिस्सा सोडायला आज कचेरीत बहिणींची रांग होती. सगळ्या नव्या साड्यांत.

माझा नंबर आला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?"

"हो हो," धाकटा म्हणाला.

मी पेनाला टोपण लावलं.